उन्हाचं माहेर

"मे महिन्यात? आणि सोलापूरला?"

लग्न होऊन पुण्यात आले त्याला अठरा वर्षं झाली. दर एप्रिलच्या शेवटी हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. ऑफिसात रजेचा अर्ज दिला की विचारतात, दूधवाल्याला "पंधरा दिवस दूध नको" म्हटलं की तोही विचारतो. कुणी महाबळेश्वर सुचवतं, कुणी कोकणातलं ओळखीचं घर. एका मैत्रिणीनं तर मनालीच्या सहलीत आमच्या दोन जागा धरून ठेवल्या होत्या. सगळे प्रेमानंच सांगतात. पण मला जायचं असतं ते मे महिन्यातच. दिवाळीला जाते, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेलाही कधीतरी जमतं, तरी ते जाणं वेगळं. पारा ४३च्या पुढे गेला की सोलापूर जसं असतं तसं ते इतर वेळी नसतं. तिथलं जे जे मला आवडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टी त्या उन्हानंच घडवलेल्या आहेत. सोलापुरात राहत होते तोवर हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

यंदा लेक अकरा वर्षांची झाली. तिला वंदे भारतनं जायचं होतं. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हापासून ती मागे लागली आहे. मी म्हटलं, येताना. जाताना मला उघडणारी खिडकी हवी. त्या खिडकीतून गरम वारा तोंडावर आल्याशिवाय मी माहेरी निघालेय असं मला वाटतच नाही. म्हणून सकाळची साधी गाडी, साध्या डब्यातल्या दोन जागा, पाण्याच्या तीन बाटल्या आणि तिखटमीठ लावलेल्या काकड्यांचा डबा.

दौंड मागे पडलं की झाडं कमी होत जातात आणि आभाळ मोठं होतं. भिगवण सुटलं की गाडी उजनीच्या पाण्यावरच्या पुलावर येते. हा माझा ठरलेला क्षण, इथं मी लेकीला हलवून जागं करते. धरण १९८० साली झालं. पाणी चढलं तेव्हा जुनी रेल्वेलाइनही त्याच्या पोटात गेली आणि रूळ नव्यानं टाकावे लागले. मे महिन्यात पाणी खूप आत सरकलेलं असतं, काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते आणि त्या पट्टीच्या कडेला, नशीब असेल तर, रोहित पक्ष्यांची एक फिकट गुलाबी रेघ दिसते. यंदा दिसली. लेक खिडकीच्या गजांना नाक लावून बघत राहिली. तिला म्हटलं, नीट बघून घे, हेच पाणी नळातून आजीच्या घरी येतं, चार-पाच दिवसांतून एकदा. "इतकं आहे की इथं, मग रोज का नाही येत?" याचं पुरतं उत्तर मला देता आलं नाही. सोलापुरातल्या कुणालाच ते पुरतं देता येत नाही.

पुढे जेऊर, केम. केम हे कुंकवाचं गाव, इथलं कुंकू महाराष्ट्रभर जातं. मग कुर्डुवाडी. कुर्डुवाडी आलं की आईची आठवण येतेच, कारण तिच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी 'बार्शी लाइट'मध्ये बसून सुरू होतात. १८९७ साली सुरू झालेली ती छोट्या रुळांची गाडी आता नाही, रूळ रुंद झाले. पण आई अजून सांगते की चढाला गाडी इतकी दमायची की पोरं उतरून शेतातल्या ओल्या हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा डब्यात चढायची. कुर्डुवाडीच्या आधीच समोरच्या बाकावरच्या करमाळ्याकडच्या काकांनी आमच्या काकड्या खाल्ल्या होत्या, त्याची परतफेड म्हणून त्यांनी मला बाजार आमटी शिकवली. आठवडी बाजाराच्या दिवशीची ही आमटी, सोलापूर जिल्ह्याची खास. "ताई, डाळ एक घालायची नाही. तूर, हरभरा, मूग, मसूर, थोडा उडीद. येसूर मसाला घरचा पायजे. आणि तर्री अशी वर आली पायजे की भाकरी कुस्करायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघत बसावं." बोलताना ते हातानं हवेतच भाकरी कुस्करत होते. शेजारची कॉलेजातली मुलगी कानातले इअरफोन काढून ऐकायला लागली होती.

सोलापूर स्टेशनच्या बाहेर पाय टाकला की ऊन अंगावर येतं. तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं झालं. लेक म्हणाली, "आई, डोळे गरम झाले." रिक्षावाल्याच्या डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला होता. मे महिन्यात सोलापुरात अर्ध्या गावाच्या डोक्यावर टॉवेल असतो, आणि तो अर्थातच सोलापुरी असतो. पाणी धरून ठेवावं तर त्यानंच. आम्ही दोघींनी पिशवीतले काढून बाटलीतल्या पाण्यानं भिजवले आणि गुंडाळले. साखर पेठेत पोचेपर्यंत ते कोरडे झाले होते.

आई दारातच होती. गुळाचा खडा आणि माठातलं पाणी. माठ वाळूवर बसवलेला, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, आत वाळ्याची जुडी. फ्रिज पाच पावलांवर आहे, पण आमच्या घरात मे महिन्यात फ्रिजचं पाणी कुणी पीत नाही. बाहेर जितकं ऊन तापतं तितका माठ गार होतो. पोत्यातलं पाणी उडून जाताना आतली ऊब घेऊन जातं. हे लेकीला विज्ञानाच्या पुस्तकात यंदा आलेलं होतं, पण पहिला पेला संपवून तिनं दुसरा मागितला तेव्हा तिच्या डोळ्यांत दिसलं की आता ते तिला कळलं.

आमच्या घराच्या डावीकडे अव्वांचं घर. त्या तेलुगू, पद्मशाली. त्यांचे सासरे विणकामासाठी तेलंगणातून इथं आले आणि इथलेच झाले. उजवीकडे अक्कलकोटकडच्या काकू, त्यांच्या घरात कन्नड. आम्ही आलो हे कळायला अर्धा तास लागत नाही. मग दारातून अव्वांची हाक, "तिन्नावा?" काकूंच्या गच्चीवरून, "ऊटा आयता?" आणि आतून आई, "जेवायला बसा बघू." तिघी एकच विचारतात. लेकीनं हे तिन्ही शब्द अगदी लहान असताना उचलले. पुण्यात शाळेतून आलेल्या मैत्रिणीला ती कधीतरी "तिन्नावा?" म्हणून जाते आणि मग स्वतःच त्याचा अर्थ समजावून सांगत बसते. बाकी गल्लीतली पोरं "काय करलालास बे?" असं ज्या मायेनं म्हणतात ती माया त्या 'बे'मध्ये असते, हे बाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड. माझ्या नवऱ्याला पटायला चार वर्षं लागली.

आमच्या येण्याची तारीख आई कुरडयांवरून ठरवते. आम्ही पोचतो त्याच्या तिसऱ्या दिवशी कुरडया. म्हणजे आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी गहू भिजत पडलेले असतात, रोज त्यांचं पाणी बदललेलं असतं, आंबूस वास घरभर पसरलेला असतो. वाटून, फडक्यातून गाळून ठेवलेल्या गव्हाच्या दुधाचा सत्त्व रात्रीत तळाशी बसतो, वरचं पाणी सकाळी ओतून टाकायचं. मग साडेपाचला चूल. गॅसवर आई कुरडयांचं पातेलं ठेवत नाही, परसात तीन विटांची चूल मांडते, कारण घाटायला जोर लावायचा तर पातेलं खाली, पायांच्या मध्ये हवं.

आधणात मीठ, मग तो पांढराशुभ्र सत्त्व हळूहळू सोडायचा आणि घाटत राहायचं. सुरुवातीला ते दुधासारखं हलतं. मग एकदम जड होतं, लाकडी उलथनं उभं राहतं, घाटणारीच्या दंडावरच्या शिरा दिसायला लागतात. काकू आणि आई आळीपाळीनं घाटतात. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक येते. आई बोट पाण्यात बुडवून वर टेकवते. बोटाला चिकटलं नाही की झालं. पहिल्या वाट्या पोरांच्या. गरम चीक, वर तुपाची धार आणि साखर. आम्हा बायकांना कच्चं तेल आणि शेंगाचटणी घालून. तो चीक घशातून खाली उतरतो तेव्हा सकाळचे साडेसहा झालेले असतात, ऊन अजून कोवळं असतं, आणि मला वाटतं की वर्षभराची रजा याच एका वाटीसाठी जमवावी.

सात वाजता गच्चीवर. जुन्या सुती साड्या अंथरलेल्या, सोऱ्या दोन, पाळीपाळीनं दाबायचा. लेकीनं यंदा पहिल्यांदा सोऱ्या फिरवला. तिच्या कुरडया लांबट, एक तर अगदी महाराष्ट्राच्या नकाशासारखी. अव्वांनी ती मुद्दाम वेगळी ठेवायला लावली, "ही हिच्या बाबाला." साडेनऊला गच्चीवर पाय ठेववेना, आम्ही खाली आलो. संध्याकाळी वर गेलो तर कुरडया वाळून साडीपासून सुटलेल्या, हातात घेतल्या की खुळखुळ वाजत होत्या. एका दिवसात. पुण्यात मी एकदा बाल्कनीत करून बघितल्या, चौथ्या दिवशीही मधे मऊ होत्या, शेवटी बुरशी धरली. मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तिथं ऊन कुठंय?" पुण्यातलं ४० अंश तिच्या लेखी ऊनच नाही.

चटणीचं मात्र उन्हाशी काही देणंघेणं नाही, ती बारा महिने होते. पण तिच्याबद्दल लिहिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. सोलापुरी शेंगाचटणीची पाकिटं आता कुठंही मिळतात, त्यांतली काही चांगलीही असतात. आमच्या परसात दगडी उखळ जमिनीत पुरलेलं आहे, आईच्या आजेसासूच्या काळापासून. दाणे मंद आचेवर इतके भाजायचे की साल हातात घेतल्यावर आपोआप निसटावं आणि दाण्यावर एकही काळा डाग नसावा. यात घाई केली की चटणी कडू. मग दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. मिक्सरमध्ये पातं दाणे चिरतं आणि गरमही करतं, त्यानं भुकटी तरी होते नाहीतर गोळा तरी. उखळात दाणा दाबला जातो, चेचला जातो, आणि हळूहळू तेल सोडतो. तिखट त्या तेलात भिजतं आणि रंग विटकरीकडून गडद लालाकडे जातो. चिमटीत धरली तर चटणी धरून राहावी, सोडली तर मोकळी व्हावी.

लेक मुसळ घेऊन सरसावली आणि जिवाच्या करारानं हाणायला लागली. दाणे बाहेर उडाले. आई शांतपणे म्हणाली, "तू जोर लावू नकोस. मुसळ उचल आणि सोड. वजन त्याचं त्याला आहे." थोड्या वेळानं तिला लय सापडली. उचल, सोड. उचल, सोड. मी ओट्यावर बसून बघत होते. हेच वाक्य आईनं मला कधी सांगितलं होतं ते आठवेना, पण सांगितलं होतं हे नक्की, कारण उखळ चालायला लागल्यावर माझे खांदेही आपसूक सैल पडले.

त्या चटणीबरोबर कडक भाकरी. ज्वारीचं पीठ, वर तीळ, कागदासारखी पातळ लाटलेली, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत शेकून तिच्यातलं सगळं पाणी घालवलेलं. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असली तर भाकरीला जी गोडी येते ती वेगळीच. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. मी पुण्याला चाळीस नेते. सकाळी ऑफिसला उशीर झाला की डब्यात तीन कडक भाकरी, चटणी आणि दह्याची छोटी बाटली. दुपारी भाकरी मोडली की तिचा 'कट्' असा आवाज होतो आणि पलीकडच्या टेबलावरची दोघं उठून येतात.

अव्वांच्या घरामागे शेड आहे, तिथं त्यांच्या मुलाचे दोन माग चालतात. लहानपणापासून मी त्या खटखटीत झोपले आहे. आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. लाइट गेली की गल्ली एकदम गप्प होते आणि सगळे उठून बसतात. माझे आजोबा जुन्या गिरणीत होते, १८७७ साली सुरू झालेल्या. ते म्हणायचे की निवृत्त झाल्यावर पहिला महिना त्यांना शांततेमुळं झोप नव्हती.

यंदा मी लेकीला शेडमध्ये घेऊन गेले. अण्णा, म्हणजे अव्वांचा मुलगा, चादर विणत होता. मागाच्या वर जॅकार्ड, त्यावर भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते एकमेकांना दोऱ्यानं बांधून माळेसारखे फिरत होते. भोक असेल तिथं तार आत जाते आणि ताण्याचा तेवढाच धागा उचलला जातो. असे पत्त्यामागून पत्ते सरकतात आणि खाली मोराची मान इंच इंच उगवत येते. लेक म्हणाली, "म्हणजे हा कोड आहे." अण्णाला तो शब्द आवडला. त्यानं चादरीची कड उलटून दाखवली. वर लाल मोर पांढऱ्यावर, खाली पांढरा मोर लालवर. तेवढ्यात एक धागा तुटला. त्यानं माग थांबवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली, बोटं एकदा फिरली आणि गाठ बसली. लेक म्हणाली, "परत दाखवा ना." त्यानं तुटलेला दुसरा धागा घेऊन सावकाश दाखवलं, तरी तिला कळलं नाही, मलाही नाही. "बघून येत नाही गं ते," तो म्हणाला, "बोटांना येतं." सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, तो कागद मी कधी पाहिला नाही, पण ती गाठ पाहिली.

शेडच्या बाहेर बांबूंवर रंगवलेलं सूत वाळत होतं, लाल, निळं, मोरपंखी. खालच्या फरशीवर त्याचं रंगीत पाणी ठिबकायचं आणि थेंब पसरायच्या आत सुकून जायचा.

एक दिवस बाहेरगावी जायचं हे ठरलेलं. कधी नळदुर्ग, कधी विजापूर. यंदा मामा म्हणाला, हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून ४० किलोमीटरच्या आसपास, भीमा आणि सीना जिथं मिळतात ते ठिकाण. पहाटे पाचला निघालो. बरोबर दशम्या, धपाटे, चटणी, आणि मडक्यात विरजलेलं दही. संगमेश्वराच्या देवळात पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता, नदीचं पात्र आकसलेलं, पलीकडच्या वाळूत कुणाच्या तरी म्हशी बसलेल्या.

इथं तुळईवर मराठीतला एक फार जुना लेख कोरलेला आहे. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटी लिहिलंय, 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मामानं मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा अक्षरं वर आली. लेकीनं बोटानं हवेत गिरवत गिरवत 'वाछि' वाचलं आणि ओरडली, "मी वाचलं, मी जिंकले!" हजार वर्षांपूर्वी ज्यानं छिन्नी धरली असेल त्यानं अशाच कुणासाठी तर लिहिलं असेल. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. ती मोजायला लेक बसली आणि ऐंशीच्या आसपास हिशेब चुकला, पुन्हा सुरुवात, पुन्हा चुकला. आम्ही लिंबाखाली धपाटे सोडले.

परतताना अकराच्या सुमाराला, विजापूर रस्त्याला लागायच्या आधी, टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. मामा एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून टायर घेऊन गेला आणि आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला. सावली म्हणून एकच होती, कलिंगडांच्या ढिगाजवळची कोपी. म्हातारेबुवा बाजेवर बसले होते. "या की आत. ह्या उन्हाचं कुठं थांबता?"

त्यांनी ढिगातलं कलिंगड दिलं नाही. कोपीच्या मागे, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवलेलं एक आणलं. टिचकी मारली, कान लावला, बाजूला ठेवलं. दुसरं आणलं. "हे बोलतंय," म्हणाले. मग लेकीलाही टिचकी मारायला लावली, दोन्हींवर. पहिल्याचा आवाज टणक, दुसऱ्याचा बदबद, पोटातून आल्यासारखा. फळाजवळचा वेलीचा बारीक तंतू वाळलेला असेल तरच तोडायचं, जमिनीला टेकलेली बाजू पिवळी हवी, हेही त्यांनी सांगितलं. कोयत्याचं टोक लागलं मात्र, कलिंगड आपणहून तडकत गेलं. माठातल्या पाण्याइतकं गार. हाताच्या कोपरापर्यंत रस, त्याला चिकटलेली धूळ, आणि समोर डांबरी रस्त्यावर हलणारी हवा. तीन जणींनी अख्खं कलिंगड संपवलं. आई त्यांच्याशी कन्नडमध्ये पाऊसपाण्याचं बोलत होती. मामा आल्यावर मी पैसे द्यायला लागले तर म्हातारेबुवांनी घेतले नाहीत, "टायर बसला म्हणून आलाव, गिऱ्हाईक म्हणून नाही." मग आम्ही गिऱ्हाईक होऊन ढिगातली चार विकत घेतली. तीही त्यांनीच एकेक वाजवून निवडली.

दुपारी एक ते पाच सोलापूर झोपतं. दारं बंद, खिडक्यांना ओल्या चादरी, पंखा. त्या चार तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते फार सुखाचे असतात एवढंच. सहानंतर गाव पुन्हा दार उघडतं. सिद्धेश्वराच्या तळ्यावर पाण्यावरून वारा येतो, देवळाच्या पायऱ्या अजून गरम असतात म्हणून सगळे पाय उचलून बसतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवलं असं सांगतात. त्यांची वचनं कन्नडमधली, आणि काकूंना त्यांतली कितीतरी पाठ आहेत. घाटावर बसलं की त्या हळू आवाजात म्हणतात आणि आई अर्थ सांगते. मग रसवंती. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ऐकला की लेकीची चाल बदलते. आलं-लिंबू घातलेला रस, बर्फ कमी. पार्क चौकातली भेळ रात्री घरी जाताना, उभ्यानं.

आणि गच्ची. साडेआठला गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओततात. पहिल्या बादलीला फरशी 'चर्र' करते आणि तापलेल्या मातीचा वास वर येतो, दुसरीला गप्प होते. (दोनच बादल्या, त्याही धुण्याच्या पाण्याच्या. पाण्याचा हिशेब आमच्या घरात कुणी विसरत नाही.) दहाच्या सुमाराला खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजते, दोरीला बांधलेली पिशवी खाली जाते, पैसे खाली, कुल्फ्या वर. तिन्ही गच्च्यांवर गाद्या पडतात. अव्वांची नातवंडं, काकूंचे पाहुणे, आम्ही. मधले कठडे नावापुरते. चांदण्यात मागाची खटखट आणि कुणाच्या तरी मोबाइलवरची जुनी गाणी. लेक गाडीपासून ते कलिंगडापर्यंत सगळं बाबाला फोनवर सांगते आणि सांगता सांगताच झोपते.

झोपताना आई प्रत्येकाच्या पायाशी एक चादर ठेवते. लेकीनं पहिल्याच रात्री विचारलं होतं, "आजी, इतक्या गरम्यात चादर?" आई म्हणाली, "ठेव. लागेल." पहाटे तीनच्या सुमाराला कोरड्या हवेतली सगळी ऊब आभाळाकडे निघून जाते, माळावरून वारा सुटतो आणि अंगावर शिरशिरी येते. झोपेतच हात पायाशी जातो, ती जाड, खरखरीत, नव्या कापसाच्या वासाची चादर गळ्यापर्यंत ओढली जाते. दिवसा ४४ अंशांत होरपळलेल्या गावात पहाटे चादरीत शिरण्याचं जे सुख आहे त्यासारखं दुसरं सुख मला मनालीत मिळेल असं वाटत नाही.

निघायच्या दिवशी आम्ही असेच झोपलो होतो. सामान भरून झालेलं, कुरडयांचा डबा वेगळा बांधलेला, महाराष्ट्राची कुरडई कागदात गुंडाळून पर्समध्ये. चारच्या सुमाराला खालून नळाच्या तोटीचा आवाज आला, आधी नुसती हवा, सूंऽऽ, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग पिंपात धार. पाचव्या दिवशी उजनी घरी आली होती. मी उठायच्या आत लेक उठली होती. चादर खांद्यावरून ओढत, जिना उतरता उतरता, डावीकडे तोंड करून "नीळ्ळूऽऽ!", उजवीकडे "नीर बंतऽऽ!" आणि मग खाली वाकून आजीला, "आज्जी, पाणी आलंऽऽ!"

तिन्ही घरांत दिवे लागले. मी कळशी घेऊन खाली गेले.